साबणाच्या डबीतला दिवा

"श्रीमंतअण्णा, माझी डबी आज मुकी झाली की ओ," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "दिवाच लागंना. तुमीच कान लावा आता."

बाकावरच्या चंद्रव्वांनीही माझ्याकडे पाहिलं. दुधनीहून चादरीत गुंडाळून आणलेला त्यांचा वाल्व्हचा रेडिओ टेबलावर उघडा पडला होता. महिन्यातली ही तिसरी खेप. आधी दोनदा तो मीच दुरुस्त केला होता, म्हणून या वेळी दुकानाच्या मालकांनी तो गुरुसिद्धप्पाकडे दिला.

बाहत्तर सालापर्यंत नव्या पेठेतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांत माझ्या कानाला तोड नव्हती. नुसता आवाज ऐकून कुठला कंडेन्सर गळतोय, म्हणजे वीज धरून न ठेवता सोडतोय, ते मी सांगायचो. मग हा गुरुसिद्धप्पा आला आणि त्यानं साबणाच्या डबीत टेस्टर बनवला. कंडेन्सर धड असला तर निऑनचा दिवा एकदा लुकलुकून विझायचा, गळका असला तर पेटलेलाच राहायचा. गिऱ्हाईक दिवा बघून मान डोलवायचं. माझा कान कुणाला दिसतो? मी जळत होतो. त्यात तो उठता-बसता मला अण्णा म्हणायचा, त्यानं तर जास्तच आग व्हायची.

आज सकाळी दुकान मीच उघडलं होतं. डबीतली एक तार सोडवून ठेवली होती.

मी कान लावला. बातम्या देणारा सर्दी झाल्यासारखा बोलत होता. "ह्यो," मी एका कंडेन्सरवर बोट ठेवलं. गुरुसिद्धप्पानं तो बदलला. आवाज तसाच. दुसरा दाखवला, तोही बदलला. तरी तेच.

"ह्यो पिवळा ऱ्हायला की, अण्णा."

"त्यो नवा हाय. मागच्या खेपंला मीच घातलाय. त्येला काय हुतंय?"

"जमत नसंल तर तसं सांगा, बाबा," चंद्रव्वा म्हणाल्या. "आमचा म्हातारा हातरुणावर पडून हाय. ह्यो बोलला तरच त्यो दोन घास खातो."

गुरुसिद्धप्पा माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. त्याच्या मनात संशयाचा लवलेशही नव्हता. मी डबी ओढली आणि उघडली.

"तार मीच सोडवली. सकाळी."

मी तार सोल्डर केली आणि माझ्याच हातानं पिवळा कंडेन्सर काढून डबीला जोडला. दिवा लागला. आम्ही तिघंही बघत राहिलो. तो विझला नाही.

गुरुसिद्धप्पानं खोक्यातला नवा कंडेन्सर डबीवर तपासला आणि माझ्यापुढे ठेवला.

"ह्यो घाला," म्हणाला. अण्णा म्हणाला नाही.