उघड्या बाटलीची पूजा

खंडेनवमीला उमरग्याच्या कॉलेजातली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा लग्नघरासारखी दिसत होती. वजनकाट्याला झेंडूचा हार, व्हॅक्यूम ओव्हनला हळद-कुंकू. आग विझवायच्या नळकांड्यालाही गंध लागलं होतं. त्याची मुदत कधीच संपली होती, मान शाबूत होता.

महेश्वरी आत आली तेव्हा तिचे गाइड पंचाक्षरी सर आंब्याच्या पानानं तिच्या बाटलीत पाणी शिंपडत होते. वर चिमूटभर हळद.

"अहो सर, काय करलाव! झाकण कशाला काढलं?"

"अगं, झाकण ठेवलं तर पूजा झाकणालाच लागते. आत कशी पोचणार?"

बाटलीत तिची सगळी पीएचडी होती: चमचाभर गर्द निळी पावडर. तांब्याचे अणू सेंद्रिय दांड्यांनी जोडून उभा केलेला, डोळ्यांना न दिसणाऱ्या खोल्याखोल्यांचा सांगाडा. इथिलीन आणि इथेन हे वायू जुळे भाऊच. त्यांना वेगळं करायला कारखाने भयंकर वीज जाळतात. ही पावडर म्हणजे हायवेवरचा चेकनाका. सारख्या दिसणाऱ्या दोन ट्रकांतला नेमका एक अडवणार. इथिलीनला तांबं धरून ठेवणार, इथेन पुढं जाणार. परवा पुण्याच्या यंत्रावर हे सिद्ध करायचं होतं. यंत्राची ती तारीख हुकली की पीएचडीची मुदतही संपली. आणि नवी पावडर करायचं परदेशी रसायन उरलंच नव्हतं.

प्रबंधाच्या शीर्षकात 'पाण्यातही टिकणारी' हे शब्द सरांनी घातले होते.

"पण सर, पाण्यात घालून कुठं बघितलंय?" तिनं तेव्हा विचारलं होतं.

"मग मोडली असं तरी कुठं बघितलंस?"

आता बघायला मिळालं. गर्द निळा रंग तिच्या डोळ्यांदेखत फिका पडला, मग हळदीनं हिरवट झाला. इथिलीनच्या जागेवर पाणी मांडी ठोकून बसलं होतं.

तिनं अल्कोहोलनं हळद धुतली, ओव्हनचा हार काढला, पावडर तापत ठेवली. सांगाडा उभा असेल तर पाणी उडून निळा रंग परत येणार होता. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून ती ओव्हनच्या काचेसमोर बसली. "निळी हो गं बाई," ती पुटपुटत होती, "एवढ्या डाव निळी हो."

उन्हं कलली तरी पावडर निळी झाली नाही. बाहेर काढली तर फिकट गुठळ्या निघाल्या.

"सर, सांगाडा पडला." तिनं गुठळ्या बाटलीत भरून सरांसमोर धरल्या. "निदान शीर्षकातलं 'टिकणारी' तरी काढू या."

"येडी का तू? शीर्षक विद्यापीठानं मंजूर केलंय. ते न्हाय बदलत. पावडर बदल."

"कशानं बदलू, सर? रसायनच न्हाय."

सरांनी तिच्या तळहातावर प्रसादाचा पेढा ठेवला आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं.