माझ्या नळीवरचे नाव

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, आजोबांनी मोठ्या हौसेने तुमचे नाव ठेवले, आणि एके दिवशी कोणा दुसऱ्याने ते घासून पुसून टाकले व त्या जागी स्वतःचे नाव कोरले. काय वाटेल तुम्हाला? मला जे वाटले त्याला सूड म्हणतात. तो मी कसा घेतला, तेच आज सांगणार आहे.

मी एक जुने पिस्तूल आहे. घाबरू नका. मी नेमबाजीचे पिस्तूल, एका वेळी एकच गोळी घेणारे. पुठ्ठ्याच्या चकत्यांखेरीज मी आयुष्यात कशालाही भोक पाडलेले नाही.

दूरदेशी मेल्ला नदीच्या काठी, पिस्तुले घडवणाऱ्या गार्दोने गावात माझा जन्म झाला. तिथे सकाळी कोंबड्याआधी कानशी बोलू लागतात. उस्ताद बोर्तोलो यांनी माझी आठ पैलूंची नळी हाताने घासली. प्रत्येक पैलू इतका सरळ, की खिडकीतला उजेड त्यावरून न अडखळता घरंगळत जाई. माझी मूठ अक्रोडाच्या लाकडाची. जवसाचे तेल तळहाताने चोळून चोळून त्यांनी तिच्यात मुरवले. नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी एक चिमुकली खुंटी लागते. ती त्यांनी कथिलाने जोडली, कारण पितळेच्या जोडाला लागणाऱ्या धगीने एवढी बारीक नळी वाकडी झाली असती.

मग रंग. त्यांची नात ओरसोला मदतीला असे. उस्ताद माझ्यावर औषध लावून मला ओलसर पेटीत गंजू देत, मग पाण्यात उकळत, मग तारेच्या ब्रशाने घासत. पुन्हा तेच, पुन्हा तेच.

"आजोबा, गंजू नये म्हणून गंजवायचं? हे काय भलतंच!" ओरसोला हसायची.

"चांगल्या गंजाला घर दिलं ना पोरी, की वाईट गंज दार वाजवत नाही. पण घाई करायची नाही. घाई केली की तो रुसतो."

शेवटी माझ्यावर पिकल्या काळ्या द्राक्षासारखी निळाई चढली. पैलूवर उस्तादांनी आपले नाव कोरले. त्यांच्या बोटांना आता कंप सुटला होता. हे शेवटचे पिस्तूल, हे त्यांनाही ठाऊक होते. गावच्या जत्रेत पिस्तुले पारखली जात. सर्वोत्तम ठरेल ते कारागिरांच्या सभागृहात कायमचे टांगले जाई. तिथे आपले नाव राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

जत्रेच्या दोन दिवस आधी एजिदियो आला. तो एकेकाळचा त्यांचा शिष्य. आता त्याचे काचेचे मोठे दुकान होते.

"उस्ताद, हात बघा कसे थरथरतायत. वाटेत पाडाल ते पिस्तूल. द्या इकडे, मी पोचवतो सभागृहात."

भोळ्या उस्तादांनी मला त्याच्या हाती दिले.

त्याने दुकानात नेऊन काय केले, ते आठवले की आजही माझ्या चापामागची कमान आवळते. त्याने कानस घेतली आणि माझ्यावरचे उस्तादांचे नाव घासून काढले. त्या जागी आपले कोरले. पण निळाईखालचे पांढरे पोलाद उघडे पडले. तो डाग झाकायला उस्तादांच्या रीतीने कितीतरी दिवस लागले असते, आणि जत्रा तर तोंडावर होती. मग त्याने मला सरळ उकळत्या क्षाराच्या टाकीत बुडवले. घटकाभरात मी पुन्हा काळे झाले, पण काळ्या बुटासारखे चकचकीत. तो खूश झाला. त्याला कळले नाही, की तो क्षार माझ्या खुंटीखाली शिरला होता आणि कथील कुरतडत होता. पोलादाला क्षार रंगवतो, पण कथिलाला खातो. मला वेदना होत होत्या, तरी मी मनाशी म्हटले, "खा बाबा, खा! फक्त एक पापुद्रा शिल्लक ठेव. जत्रेपुरता."

जत्रेच्या दिवशी टेबलावर आम्ही पिस्तुले ओळीने मांडलेली होतो. एक रुप्यासारखे लखलखीत. एकावर सोन्याची वेल. परीक्षक दोसोलिना आजी, गावातली सर्वांत जुनी नक्षीकार, प्रत्येकाच्या कडांवरून नख फिरवत होती. माझ्यापाशी ती थांबली. "रंग बाजारू आहे. पण हे पैलू! एजिदियो, हे तू केलेस?"

"माझं आहे ते," मागून उस्ताद म्हणाले.

एजिदियो वळला. "उस्ताद, तुम्हाला ताटातला मक्याचा पोलेंटा धड दिसत नाही, आणि पिस्तूल ओळखता? नाव वाचा की!" लोक हसले. उस्तादांची मान खाली गेली. ओरसोलाने त्यांचा हात घट्ट धरला. मित्रांनो, ते हसू मी नळीत साठवून ठेवले.

रीत अशी, की ज्याचे पिस्तूल त्यानेच पाच गोळ्या झाडून दाखवायच्या. एजिदियो ऐटीत उभा राहिला. पहिली गोळी चकतीच्या मधोमध. टाळ्या पडल्या. दुसऱ्या गोळीच्या धक्क्यासरशी मी तो शेवटचा पापुद्रा सोडून दिला.

खुंटी उडाली आणि टणकन खडीत पडली.

ओरसोलाने धावत जाऊन ती उचलली आणि दोसोलिना आजीला दिली.

"एजिदियो, ही कशाने जोडली होतीस?" आजीने विचारले.

"पितळेने! पक्की जोडली होती!"

आजीने खुंटी उलटी करून सगळ्यांपुढे धरली. बुडाशी कसर लागल्यासारखे खाल्लेले कथील होते. "ज्यानं जोडली, त्याला कशानं जोडली ते ठाऊक नाही? आणि कथिलाचा जोड क्षारात कोण बुडवतं रे? हे तर चोराचंच काम!"

या वेळी लोक हसले ते एजिदियोला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो मी पोटभर पाहिला.

"हे पिस्तूल असंच टांगा सभागृहात!" कोणी ओरडले. "चोराच्या नावासकट!" मलाही तेच हवे होते. पण मी उस्तादांकडे पाहिले. त्यांचे शेवटचे काम जन्मभर मोडके लटकणार, आणि तेही परक्या नावाने. माझ्या सुडात उस्तादही भाजले जात होते. मित्रांनो, वस्तू जपा म्हणतात, ते एवढ्यासाठीच. प्रत्येक वस्तूत कोणाचे तरी हात असतात. वस्तू दुखावली, की ते हात दुखतात.

ओरसोलाने मला उचलून एजिदियोसमोर टेबलाला जोडलेल्या लोखंडी पकडीत आवळले. त्याच्या हातात बारीक कानस दिली.

"काका, तुमचं नाव काढा. आत्ता, इथंच. पैलू मात्र बिघडता कामा नये."

एजिदियोने इकडेतिकडे पाहिले. वाट सोडायला कोणी तयार नव्हते. त्याने कानस टेकवली.

ओरसोलाने एक स्टूल ओढले, आजोबांना त्यावर बसवले आणि स्वतः त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"काका, सावकाश," ती म्हणाली. "हात थरथरतोय तुमचा."