बंडीवरच्या दोन रेघा

कुणी ऐकतंय का? नसेल तरी हरकत नाही. उभं राहून वाट बघण्यातच माझं आयुष्य गेलंय. मी कपडे वाळत घालायचा एक लोखंडी स्टँड. घडी होणारा, सात दांड्यांचा आणि एक पाय आखूड असलेला. पायाचं आधीच सांगून टाकलं. मागाहून कुणी बोट दाखवण्यापेक्षा ते बरं.

माझा जन्म वेल्डिंगच्या दुकानातला. गेटं आणि जिन्याचे कठडे करून ज्या सळ्या उरल्या, त्यांचा मी झालो. वेल्डरने मला जमिनीवर उभं केलं, मी डुगडुगलो. तो म्हणाला, "पुठ्ठा लावा खाली, काही होत नाही." तेव्हापासून माझ्या पायाखाली पुठ्ठा आहे, आणि काही झालं नाही हेही खरं.

मला विकत घेतलं ते या घराच्या मालकीणबाईंनी. त्यांना सगळे काकू म्हणतात. काकू खाली राहतात. वरच्या दोन खोल्या त्या भाड्याने देतात, आणि मी त्या खोल्यांबरोबर जातो, जसा आरसा जातो, बादली जाते. पहिल्या भाडेकरू एक नर्सबाई होत्या. त्यांनी मला सहा वर्षं जिवापाड वापरलं. त्या बदलून गेल्या आणि माझे दिवस फिरले. दांड्यांवरचा रंग उडाला, गंज धरला. ओला कपडा माझ्यावर बराच वेळ राहिला, की त्याच्यावर तपकिरी रेघ उमटते; गरम, दमट कपडा नुसता टेकला तरी फिकटशी उमटतेच. मी हे मुद्दाम करत नाही. पण डाग पडल्यावर 'मुद्दाम नाही' म्हणून काय उपयोग, नाही का?

आमच्या मुलखात पाऊस येत नाही, तो राहतो. मधूनच चार तास बाहेर जातो आणि काहीतरी विसरल्यासारखा परत येतो. त्यामुळे इथे राहायला येण्याआधी माणसं आठवडाभर राहून बघतात. काकू त्यांना पाहुणे म्हणत नाहीत, 'बघे' म्हणतात. बघे येतात, भिंतींना हात लावून बघतात, उशीचा वास घेतात आणि बहुतेक वेळा ठरल्याच्या आदल्या दिवशीच निघून जातात.

मी सांगतोय ती गोष्ट अशाच तीन बघ्यांची. नवरा, बायको आणि चार वर्षांची मुलगी. मुलगी खेळताना सारखी गुणगुणायची, म्हणून तिचं नाव पडलं भुंगी. गुणगुण थांबली, की तिच्या छातीतली बारीक घरघर ऐकू यायची. आई तीच ऐकत बसायची. भुंगी गायला लागली की आईचे खांदे खाली यायचे, गप्प झाली की वर. दिवसभर हे चालायचं. माझ्यासारखी डुगडुगणारी वस्तूसुद्धा तिच्याकडे बघून दमायची.

नवरा हवामान केंद्रावर निरीक्षक होता. पर्जन्यमापकातलं पाणी रोज मोजायचं आणि वहीत आकडा लिहायचा, हे त्याचं काम. पण त्यांचं गाव इतकं कोरडं, की वर्षातले दहा महिने तो शून्यच लिहायचा. आता इथल्या केंद्रात त्याला जागा मिळत होती. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"नऊ वर्षं शून्य लिहितोय मी," पहिल्याच दिवशी तो खिडकीत उभा राहून म्हणाला. "शून्यसुद्धा नीट बघून लिहितो. पण शून्यच. आणि इथे बघ. इथे मोजायला काहीतरी आहे."

"तुला मोजायला आहे रे," बायको म्हणाली. "आणि हिच्या छातीला हा दमटपणा सोसला नाही तर?"

"डॉक्टर काय म्हणाले? काही मुलांना धूळ बाधते, काहींना ओल. बघितल्याशिवाय कळणार नाही."

"म्हणजे भुंगीवर प्रयोग करायचा?"

यावर तो पुन्हा खिडकीकडे वळला. पण 'प्रयोग' हा शब्द बायकोच्या डोक्यात घोळत राहिला. भुंगी होण्याआधी ती शाळेत विज्ञान शिकवायची. संध्याकाळी तिने वही काढली.

"प्रयोग भुंगीवर नाही, तिच्या बंडीवर करायचा," ती म्हणाली. "तीन बंड्या आहेत, एकसारख्या. रोज सकाळी नऊला एक धुऊन, पिळून वाळत टाकायची. दुसऱ्या दिवशी नऊला हात लावून बघायचा. तीनपैकी दोन वाळल्या तर येऊ. नाही वाळल्या तर बंडी वाळत नाही तिथे पोरीची छाती काय वाळणार, असं समजून गप परत जाऊ. मान्य?"

"मान्य," तो म्हणाला. मग हळूच, "तू खरंच असं ठरवणार?"

"मला दुसरं काही सुचत नाहीये," ती म्हणाली. "हसू नकोस. माझं मलाच हसू येतंय."

मग दोघांनी मिळून मला उचललं आणि बाहेर गॅलरीत नेऊन उभं केलं. मी मनातल्या मनात ओरडलो. का ओरडलो ते पुढे येईलच. पण लोखंडाचं ओरडणं म्हणजे नुसतं करकरणं. "याच्या सांध्यांना तेल हवं," नवरा म्हणाला, आणि विषय संपला.

सोमवारी सकाळी पहिली बंडी माझ्या मधल्या दांडीवर पडली. मंगळवारी नऊला बाईने, म्हणजे भुंगीच्या आईने, हात लावला. ओली. इतकी ओली, की तिने हात स्वतःच्या पदराला पुसला. वहीत लिहिलं, 'पहिली – नाही.' चेहऱ्यावर सुटका दिसली आणि लगेच त्या सुटकेची लाजही दिसली, कारण समोर नवरा उभा होता.

मंगळवारी दुसरी बंडी आली. बुधवारी साडेआठला बाई भुंगीला आंघोळ घालायला गेली. मोरीतून गाणं ऐकू यायला लागलं. इकडे नवरा मांजराच्या पावलांनी गॅलरीत आला. बंडी चाचपली, आत घेऊन गेला, इस्त्रीचा चट् चट् आवाज झाला, आणि पाच मिनिटांत बंडी पुन्हा माझ्यावर. पण मधल्या दांडीवर दुमड नीट बसली नाही, चार बोटं पुढे सरकली.

मी थक्क झालो. एका भांड्यात पाव इंच पाणी आहे की त्याहून केसभर जास्त, हे वाकून वाकून बघणारा माणूस! नऊला बाईने हात लावला. "वाळली," ती नवलाने म्हणाली. तिने लिहिलं, 'दुसरी – हो.' तो म्हणाला, "बघ," पण तिच्या डोळ्याला डोळा न देता.

आता सगळं तिसरीवर आलं.

बुधवारी दुपारी पाऊस बाहेर गेला आणि, काय लहर आली कोण जाणे, रात्रभर परतला नाही. वारा सुटला. मी सहज डुगडुगत होतो आणि माझ्यावरची बंडी फडफडत होती. गुरुवारी सात वाजता नवरा चहाचा कप घेऊन बाहेर आला. त्याने बंडीला हात लावला. ती कोरडी होती. अगदी खरी, स्वतःच्या हिमतीवर कोरडी. त्याचा चेहरा असा उजळला, की मला माझ्या गंजाचा विसर पडला.

आठला बाई आली. तिनेही हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. तिच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. नवं गाव, ओली भिंत, ओळखीचा डॉक्टर नाही, अडीनडीला धावून येणारी आई नाही. ती आत गेली, पेल्यात पाणी घेऊन आली, बोटं बुडवली आणि बंडीवर शिंपडली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पेलाच कलता केला. मग पाठ फिरवून लगबगीने म्हणाली, "भुंगे, चल आंघोळीला!"

साडेआठला नवरा परत आला. आकडा दोनदा बघायची त्याची सवयच. बंडी ओली! तो क्षणभर आभाळाकडे बघत राहिला. एक थेंब पडत नव्हता. पण वेळ नव्हता. पुन्हा इस्त्री, पुन्हा घाई, पुन्हा माझी दांडी. या वेळी तर बंडी उलटीच पडली.

नऊ वाजता दोघं माझ्यासमोर उभे राहिले. बाईने बंडीला हात लावला आणि दचकून काढला. बंडी कोरडी होती. आणि गरम.

आता बोलायचं कसं? 'ही गरम आहे' म्हटलं, की 'मी तर ओली केली होती' हे ओघाने येणारच. ती बंडी हातात घेऊन उलटसुलट करत राहिली. आणि तिला त्या दिसल्या. माझ्या रेघा. एक गडद तपकिरी, आणि तिच्यापासून चार बोटांवर दुसरी, फिकट.

"ही मी एकदाच टाकली होती," ती सावकाश म्हणाली.

"हं."

"मग रेघा दोन कशा?"

"गंजलाय तो. कुठेही लागतो."

ती आत गेली आणि आधीच्या दोन्ही बंड्या घेऊन आली. पहिलीवर एक रेघ. दुसरीवर दोन. तिने तिन्ही माझ्यावर शेजारी शेजारी ठेवल्या, वर्गात तक्ता लावावा तशा. नवऱ्याचे कान लाल झाले.

"इस्त्री केलीस?"

"केली."

"नऊ वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नाही म्हणून मिरवतोस. आणि एका बंडीपायी?"

तो खाली बघत होता. एकदम त्याने मान वर केली. "थांब. आज सातला मी हात लावला होता. खडखडीत वाळली होती. साडेआठला ओली कशी झाली? पाऊस तर नाही."

कठड्यावर पेला होता. रिकामा. दोघांनी एकाच वेळी त्याच्याकडे बघितलं.

"मी पण," ती म्हणाली, आणि आधी हसली की आधी रडली ते मला सांगता येणार नाही. "मी घाबरले रे. ती खरीच वाळली होती. खरीच वाळली म्हणूनच घाबरले. ओली राहिली असती तर बंडीवर ढकलता आलं असतं. आता काही झालं तर 'मीच हो म्हटलं होतं' हे मला जन्मभर ऐकावं लागेल. तुझ्याकडून नाही. माझ्याकडूनच."

तो तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला. "आणि मला वाटलं, तू नाही म्हणालीस तर मी चांगलाच वागेन, काही बोलणार नाही, आणि मनातल्या मनात तुझ्यावर रागावत म्हातारा होईन. त्याचीच भीती वाटली."

मधे भुंगी येऊन दोघांच्या मांडीवर आडवी पडली आणि गुणगुणायला लागली.

एवढ्यात काकू वर आल्या, किल्ली उद्या कोण देणार ते विचारायला. तीन बंड्या, पेला, आणि उंबऱ्यावर डोळे पुसणारी दोन मोठी माणसं बघून त्या थबकल्या. सगळं ऐकून घेतलं. मग कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, स्टँड गॅलरीत ठेवून कपडे वाळवायला निघालात? कोरड्या गावची माणसं ती हीच! इथे सगळे स्वयंपाकघरात ठेवतात. शेगडीच्या भिंतीपाशी. दुपारी टाकलेला कपडा संध्याकाळी अंगात. मला विचारायचं तरी!"

मी चार दिवस हेच ओरडत होतो.

बाई हसायला लागली ती थांबेना. "म्हणजे प्रयोगच चुकीचा," ती म्हणाली. "मी मुलांचे मार्क कापायचे याच्यासाठी." मग शांत झाली. वहीचं ते पान तिने फाडलं नाही. त्याच्या खाली लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "उद्या हो कळवायचं आणि तीन महिने येऊन राहायचं. तू पाऊस लिही, मी भुंगीचा श्वास लिहीन. दोघांनीही खरं लिहायचं. तीन महिने भरतील त्या गुरुवारी ठरवू. मी नाही म्हटलं तर परत जायचं, आणि तू रागावलास तर तोंडावर रागवायचं."

"मान्य," तो म्हणाला. या वेळी त्याने 'तू खरंच असं ठरवणार?' असं विचारलं नाही.

ते आले. आता मी स्वयंपाकघरात आहे, शेगडीच्या भिंतीपाशी. पाठ शेकते, सांध्यांना तेल मिळतं. सगळं गोडच झालं असं मात्र समजू नका. दुसऱ्या महिन्यात भुंगीची छाती चार दिवस वाजत होती. बाईने चारही दिवस लिहून ठेवले, एकही कमी-जास्त नाही. डॉक्टरांनी ती वही वाचली आणि औषध बदललं. काकू त्या चार दिवसांत वरच राहायला होत्या. नवरा भिजून यायचा, आधी भुंगीच्या छातीला कान लावायचा आणि मग ओला शर्ट बदलायचा.

बाईने जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून माझ्या सहा दांड्यांना गुंडाळल्या, डाग पडू नयेत म्हणून. मधली दांडी तशीच ठेवली. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, "ती असू दे. घरात एकाला तरी खरं बोलता यायला हवं." आयुष्यात माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

काल सोमवार होता. बाई माझ्यावर कपडे टाकत होती, भुंगी खाली बसून गात होती. हातातला ओला टॉवेल तसाच धरून ती एकदम थांबली.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "ठरवायचा गुरुवार होऊन गेला की."

मग टॉवेल झटकून माझ्यावर टाकला, आणि आत जाऊन वहीत नेहमीसारखा भुंगीचा श्वास लिहिला.

माझं सांगून झालं. तुम्हीही कधी इकडे राहून बघायला आलात, तर भिंतींना हात लावा, उशीचा वास घ्या, हवं तितकं घाबरा. फक्त मला गॅलरीत उभं करू नका. आणि आखूड पायाखालचा तो पुठ्ठा तेवढा असू द्या.