शेवटचा आकडा

"जावईबापू, मीच बोलतोय," ड्रायव्हर बाथरूमचा नळ सोडून हळू आवाजात म्हणाला. "तो आकडा आला असेल बघा तुमच्या फोनवर."

"बाबा! जेवलात का?" जावई असा बोलला की जसं काही कालच लग्न लागलंय आणि उद्या दोघं भेटायला येणार आहेत.

"जेवलो. तो आकडा..."

"आईंची तब्येत?"

"आहे तशीच. मालिका बघायची म्हणून बसलीय. टीव्ही म्हणतोय, हे मालकाचं घर नाही, मालकाला पाठवलेला आकडा टाका."

"टीव्ही खरं बोलतोय." जावई हसला. "देतो की. तुम्हाला कधी नाही म्हटलंय का? बरं, ती कामावरून सुटते किती वाजता हल्ली?"

"सहाला."

"पुढच्या गेटला तर दिसत नाही कधी."

म्हणजे हा पुढच्या गेटला जाऊन उभा राहतो. ड्रायव्हरने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. बाहेरच्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "आं, आं." तिच्याकडे आता तेवढाच एक शब्द उरला होता, आणि त्यातच ती पाणी मागायची, देवाला हाक मारायची आणि नवऱ्याला शिव्या घालायची. हा आं शिव्यांचा होता.

"पॅकिंगवाल्या पोरींना मागच्या गेटने सोडतात," ड्रायव्हर बोलून गेला.

जावयाने सहा आकडे सांगितले. ड्रायव्हरने ते हातावर पेनाने लिहिले, नळ बंद केला आणि बाहेर आला.

आता या माणसाला लगेच वाईट ठरवू नका. उभा जन्म शहराची बस चालवलेला माणूस. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेलेला. रिटायर होऊन घरी आला, आता निवांत बसू म्हणाला, तर बायकोला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. डावा हात राहिला आणि ती मालिका राहिली. दोन बहिणींची मालिका होती. दोघी एकाच गावात राहतात आणि दोघींना वाटतं दुसरी मेली. आठशे भाग झाले तरी त्यांची एका बाजारात गाठ पडेना. ड्रायव्हर म्हणायचा, "एवढ्या वेळात मी दोघींना बसमध्ये शेजारी शेजारी बसवलं असतं." पण बायको ती बघताना अर्ध्या तोंडाने हसायची. दिवसभरात तेवढंच. त्या अर्ध्या हसण्यासाठी माणूस काय करत नाही?

पूर्वी हे सोपं होतं. गच्चीवरून एक वायर यायची, खिडकीच्या फटीतून आत शिरायची, आणि सगळं जग त्यातून यायचं. महिन्याच्या महिन्याला केबलवाला यायचा. ड्रायव्हर त्याला दोन शिव्या द्यायचा, तो तीन परत करायचा, पैसे घ्यायचा आणि जायचा. वारा सुटला की अख्ख्या गल्लीचं चित्र एकदम जायचं. मग सगळे खिडक्यांत येऊन ओरडायचे, "तुमचं गेलं का? आमचंही गेलं!" आपल्या एकट्याचं गेलेलं नाही, याचंच अर्धं समाधान.

ती वायर जावयाने काढली. लग्नाच्या पहिल्या वर्षी आला, स्टुलावर चढला, वायर उपटली आणि कोपरावर गुंडाळत म्हणाला, "बाबा, कशाला त्या केबलवाल्याच्या नादी लागता? माझ्याकडे सगळं आहे. माझ्याच नावावर बघा." ड्रायव्हरची छाती फुगली. गल्लीत सांगत सुटला, जावई असावा तर असा.

आणि होतंही तेव्हा सगळं एका ठिकाणी. मग फाटाफूट झाली. मालिकेचे जुने भाग एका कंपनीकडे राहिले, नवे दुसरीकडे गेले. बातम्या तिसरीकडे, खेळाचे सामने चौथीकडे. मेथीची पानं एका दुकानात आणि देठ दुसऱ्या दुकानात, असला प्रकार. प्रत्येकाचे पैसे वेगळे, आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येकजण थोडे वाढवणार. वर आता नवा नियम काढला. ज्याचं नाव त्याचंच घर. दुसऱ्या घरात बघायचं तर आठवड्यातून दोनदा मालकाकडून आकडा आणा.

असं सगळं असताना एक दिवस पोरगी एका बॅगेनिशी घरी आली. मनगट सुजलेलं. दारात सापडलं म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, दारात नव्हतं सापडलं.

ड्रायव्हर त्याच दिवशी मोबाईलच्या दुकानात गेला होता, हे सांगायला पाहिजे. म्हणाला, मला माझ्या नावावर ती मालिका द्या. दुकानदाराने पॅक मारून दिला. घरी येऊन बघतो तर तो नुसता मोबाईलवर चालणारा. बायकोला एका डोळ्याने ती एवढीशी माणसं दिसेनात, तिने डाव्या हाताने फोन भिंतीवर भिरकावला. पुन्हा दुकानात. दुकानदार म्हणाला, "काका, टीव्हीवर पाहिजे तर मोठा घ्या. त्यात अजून चार येतात. आणि वर्षाचे एकदम भरावे लागतील."

"मला चार नको. एक पाहिजे."

"एक सुटा मिळत नाही."

"म्हणजे पुढच्या स्टॉपवर उतरणाऱ्याला तू शेवटच्या स्टॉपचं तिकीट फाडतोस. मी कंडक्टरला असं करू दिलं असतं तर मला लोकांनी बसमधून ओढून काढलं असतं."

दुकानदार म्हणाला, "मी काय करू काका, मी पण मेव्हण्याचंच बघतो."

वर्षाचे एकदम भरायचे तर बायकोच्या गोळ्या थांबवाव्या लागल्या असत्या. मग ड्रायव्हर केबलवाल्याकडे गेला. म्हणाला, ओढ बाबा पुन्हा वायर. केबलवाल्याने खुर्ची दिली आणि म्हणाला, "वायर आत्ता ओढतो. पण ती मालिका आता वायरवर येतच नाही. कंपनीने काढून घेतली." त्या दिवशी दोघांनी एकमेकांना एकही शिवी दिली नाही.

सगळे दरवाजे असे एकेक करून लागले. उरला जावयाचा नंबर. आधी आकडा मागितला की यायचा. पोरगी घरी आल्यावरही यायचा, फक्त त्याच्या आधी एक प्रश्न यायला लागला. कशी आहे? कामाला लागली का? कुठं? औषधांच्या गोदामात का? ड्रायव्हर स्वतःला सांगायचा, चौकशीच करतोय बिचारा, नवरा आहे. पोरीला त्याने सांगितलं होतं, मी पॅक मारलाय. खोटं नव्हतं. मारला होताच.

मागच्या गेटचं बोलून गेला त्याला चार दिवस झाले. पोरगी घरी आली आणि चपला न काढताच आईच्या पलंगावर बसली.

"बाबा, तो आला होता."

"कोण?" ड्रायव्हरने विचारलं. विचारायला पाहिजे म्हणून विचारलं.

"मागच्या गेटला. गाडीवर बसलेला. काही बोलला नाही, नुसता बघून हसला. ते गेट कुणाला माहीतसुद्धा नाही, तिथून माल भरतात. मी फक्त या घरात बोलले होते."

ड्रायव्हर रिमोट उलटासुलटा करत राहिला. टीव्हीवर सहा रिकामे चौकोन होते आणि वर एक ओळ. पोरीने ती वाचली. मग मोठ्याने वाचली. "शेवटी सत्तेचाळीस असलेल्या नंबरवर आकडा पाठवला आहे." ती उठून उभी राहिली. "हा त्याचा नंबर आहे."

ड्रायव्हरच्या हातातला रिमोट फिरायचा थांबला.

"तुम्ही पॅक मारलाय म्हणाला होतात."

"मोबाईलवरचा मारलाय."

एरवी ती हसली असती. "किती दिवस चाललंय हे?"

"तू आल्यापासून."

"म्हणजे आईची मालिका माझ्या पत्त्यावर चालते."

"बाळे, मला वाटलं, दोन शब्द विचारतो, माणूस आहे..."

"तुम्हाला वाटलं नाही, बाबा. तुम्ही वाटून घेतलंत."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर ड्रायव्हरला बरं वाटलं असतं. आई एकदा याच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होती. जीभ गेली म्हणजे कान जात नाहीत, हे त्या घरात सगळे विसरायचे.

तेवढ्यात फोन वाजला. जावई. आज ड्रायव्हरने फोन केलाच नव्हता, पण टीव्हीने आकडा मागितला की तो आधी त्याच्याच फोनवर जाऊन पडायचा. पोरीने खूण केली, स्पीकरवर टाका.

"बाबा, घ्या लिहून," जावई आनंदात होता. "चार. शून्य. नऊ. नऊ. दोन."

ड्रायव्हरचा अंगठा सवयीने रिमोटवर चालला. पाच चौकोन भरले.

"आणि शेवटचा?"

"शेवटचा तिला सांगतो. द्या तिच्याकडे. एक आकडा आहे हो, एवढं काय."

"ती आली नाही अजून."

"बाबा." जावई लाडात बोलल्यासारखा बोलला. "आत्ता माझ्या डोळ्यांदेखत घरात शिरली ती."

खोली तळमजल्यावरची. खिडकीला अर्धा पडदा. तिघांपैकी कुणी तिकडे बघितलं नाही. पोरीने आईकडे बघितलं, मग हात पुढे केला. "द्या बाबा. बोलते. आई बसलीय कधीची."

तिने हात पुढे केला होता तो त्याच मनगटाचा. ड्रायव्हरने फोन आपल्याकडे ओढला आणि कट केला. मग तो बंदच करून टाकला आणि उशीखाली सारला, जसं काही त्याला ऐकू येईल.

टीव्हीवर सहावा चौकोन लुकलुकत होता.

"दहातला एक तर आहे," पोरगी म्हणाली. तिने रिमोट घेतला आणि तीन दाबला. लाल पट्टी आली. चूक.

"सहा दाब," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या बसचा नंबर."

चूक. खाली आलं, एकच प्रयत्न उरला आहे.

दोघांनी पलंगाकडे बघितलं. का ते कुणाला सांगता आलं नसतं. बाईने डावा हात उचलला आणि पाची बोटं पसरून पंजा उभा धरला.

"पाच!" ड्रायव्हर म्हणाला. "पाच म्हणते ती!" आणि त्याने पाच दाबला.

पडदा काळा झाला. मग अक्षरं आली. खूप वेळा प्रयत्न केलात, हा टीव्ही या खात्यातून काढून टाकला आहे.

बाईचा पंजा अजून तसाच वर होता. तेव्हा कुठं दोघांच्या लक्षात आलं की ती आकडा सांगत नव्हती. ती थांबा म्हणत होती. पोरगी जवळ गेली, तो हात खाली घेतला आणि आपल्या मांडीवर धरून बसली. बाहेर गाडी सुरू झाली, पण गेली नाही. बराच वेळ तशीच घुरघुरत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी चपला घालायला लागली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "सुट्टी घे."

"आज घेते. उद्या? परवा?" ती म्हणाली आणि गेली.

तेही खरं. काम सोडून ती बसणार कुठं? घरात. आणि घर तर त्याला आधीच माहीत. ड्रायव्हर तिला आणायला जाणार, तर बायकोला बघायला कोण? दुपारभर त्याने हे फिरवून फिरवून बघितलं. ज्या गल्लीत गाडी घालावी ती पुढे बंद.

पाचला त्याने बायकोचे केस विंचरले. शाल गुंडाळली, तिला उचलून चाकाच्या खुर्चीत ठेवलं आणि दोन पायऱ्या धडधडत खाली उतरवलं. ती "आं" म्हणाली. "गप बस," तो म्हणाला, "टीव्ही गेला तो गेला, तू काय घरात कुजणार?"

मागच्या गेटला खोक्यांचा वास येत होता. एका ट्रकमध्ये माल चढत होता. समोर झाडाखाली गाडी, गाडीवर जावई. त्याने यांना बघितलं आणि हसत उतरून आला.

"बाबा! आईंना कशाला एवढ्या लांब आणलंत? मालिका दिसत नसेल ना. अहो, सांगायचं मला. दोन मिनिटांत चालू करून देतो."

"नको," ड्रायव्हर म्हणाला.

"पैसे मी भरतो, तुम्हाला काय..."

"नको."

एवढा छोटा शब्द, पण या माणसापुढे तो त्याच्या तोंडातून आजवर निघाला नव्हता. जावयाचं हसू जागेवर राहिलं, डोळे तेवढे बदलले. तो परत जाऊन गाडीवर बसला. गेला नाही.

सहाला पोरी बाहेर पडल्या. आपली पोरगी शेवटून दुसरी. तिने आधी गाडी बघितली, मग खुर्ची. आईची शाल नीट केली, खुर्चीच्या मागे आली आणि बापाचे हात बाजूला सारून मुठी धरल्या.

तिघं निघाली. मागे गाडी सुरू झाली आणि त्यांच्या मागून यायला लागली. ना पुढे जाई, ना मागे राही. ड्रायव्हरला मागे वळून बघायची गरज नव्हती. पहिला गियर, अर्धा क्लच. पोरीचे पाय भराभर पडायला लागले, खुर्ची खड्ड्यात आपटली, बाईची मान हलली.

"पळू नकोस," ड्रायव्हर म्हणाला. "पळालीस तर त्याला सोपं जातं. हळू चाल."

ती हळू चालायला लागली. मागची गाडी गचके द्यायला लागली. एवढ्या सावकाश कुठलीच गाडी चालत नाही. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. त्याने किक मारली. पुन्हा सुरू.

उद्याही यावं लागणार होतं. परवाही. घर अजून लांब होतं आणि तो काही मागे फिरणार नव्हता. ड्रायव्हरने एक हात खुर्चीच्या मुठीवर ठेवला, पोरीच्या हाताशेजारी. तिने या वेळी तो सारला नाही.

मागे गाडी पुन्हा बंद पडली.

"अजून हळू, बाळे," ड्रायव्हर म्हणाला. "अजून हळू."