शौचालय जोडणी : होय

निषाद, जुईली, अरे थांबा! तो स्टंप जरा पलीकडे घ्या ना. दोन महिने झाले, पार्किंगच्या ह्या कोपऱ्यात तुमचा स्टंप आत जात नाही, ठण्ण वाजतो आणि तुम्ही ओरडता, "खाली दगड आहे रे!" मित्रांनो, दगड नाही तो. माझं डोकं आहे ते. मी एक जुना गोबरगॅस आहे, आणि जागा झालोय तर आता सगळं सांगूनच टाकतो.

तुम्ही मला पाहिलेलं नाही, म्हणून आधी मी काय ते ऐका. जमिनीखाली विटांचं एक मोठं गोल पोट, वरून उलट्या कढईसारखं झाकलेलं. एका बाजूने शेण आणि पाणी आत जायचं. आत ते आंबायचं, त्याचा गॅस व्हायचा, तो डोक्यावरच्या बारीक पाइपातून थेट स्वयंपाकघरातल्या शेगडीत. उरलेला काला दुसऱ्या बाजूने बाहेर, तो शेतात. लाकूड नाही, धूर नाही. बस, एवढाच मी.

आणि ती आजी, जी दारात पाटावर बसून खोकते, जिचा खोकला तुम्ही करून दाखवता (जुईली तर अगदी हुबेहूब करते, मी ऐकलंय खालून), ती रंभाबाई. माझी गोष्ट म्हणजे खरं तर तिचीच गोष्ट.

तेव्हा अठ्ठ्याण्णव साल होतं. ह्या भाड्याच्या खोल्या नव्हत्या. तुमच्या बाबांच्या कंपन्यांच्या काचा चमकतात ना, तिथे सगळा भात होता. माण गावातलं हे हैबतरावांचं घर, गोठ्यात दोन म्हशी, बैलजोडी आणि चांदी नावाची गाय. रंभाबाई म्हणजे हैबतरावांची बायको. तीस वर्षं चुलीपुढे बसून तिची छाती भात्यासारखी वाजायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "धूर बंद करा. नाहीतर ही छाती टिकायची नाही."

हैबतराव पैशाला फार चिकट, पण बायकोवर जीव. लाकूड वाचावं, घरातला धूर जावा म्हणून सरकार गोबरगॅसला अनुदान देत होतं, ते त्यांनी कुठूनसं ऐकलं आणि थेट तालुक्याला गेले. परत आले ते हसतच. "अगं, संडास जोडला तर वर आनखी पाचशे देत्यात!" पण हे ते बोलले मुलाशी, शंभूशी, ओट्यावर. रंभाबाई गोठ्यात होती. तिने ऐकलंच नाही. इथेच सगळं बिनसलं बघा.

कोंडाजी गवंड्याने मला अकरा दिवसांत बांधला. खाली आधार नाही, काही नाही, एकेक वीट तिरकी चिकटवत त्याने माझं डोकं मिटवलं. पहिल्यांदा पोट भरायला ढीगभर शेण लागतं, तर रंभाबाई आळीभर हिंडली, "पाटीभर शेन द्या गं, माझ्या गॅसला!" कोंडाजी म्हणाला, "वहिनी, ह्यो तुमच्या जावयापेक्षा जास्त खानार हाय."

"खाऊ दे की," ती म्हणाली, "ह्यो रुसायचा तरी न्हाई."

आता नीट लक्ष द्या, कारण पुढची गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती, हैबतरावांना आणि मला. रंभाबाई शेणासाठी आळीत हिंडत होती, तेवढ्यात संडासापासून माझ्यापर्यंत चर खणून कोंडाजीने सिमेंटचा पाइप टाकला होता. बुजवायचं तेवढं बाकी. दुपारी तो जेवायला गेला आणि हैबतराव एकटेच आले. पाइपाकडे बघत उभे राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "छ्या! ह्याच्यावर भाकर भाजायची? आपल्याला न्हाई जमायचं." त्यांनी माझ्या पोटाच्या हातभर अलीकडे पाइपाच्या तोंडात वीट कोंबली, वर सिमेंटचा गोळा थापला, पंजाने दाबला, आणि घाईघाईने माती लोटली. संडासाचं पाणी सोडलं मागच्या जुन्या खड्ड्यात.

त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वैरण कापायच्या कडबाकुट्टीत अर्धं गेलेलं होतं. म्हणून त्या ओल्या सिमेंटवर साडेचार बोटं उमटली. हे ध्यानात ठेवा हं.

महिन्याभराने शेगडी पेटली. रंभाबाईने काडी लावली, भप् झालं, आणि ती दोन पावलं मागे सरली. मग वाकून बघत राहिली. "साधने, ये गं, बघ! गोकर्नीचं फूल हाय जनू!" साधना म्हणजे शंभूची बायको, नवीनच लग्न झालेली. पाइपातून मला स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू यायचं. मित्रांनो, त्या दिवसासारखा दिवस माझ्या आयुष्यात परत आला नाही. डोळ्यांना पाणी नाही, फुंकणी नाही, भिंती काळ्या नाहीत. पंधरा दिवसांत खोकला निम्म्यावर आला. शेजारच्या बायका मला बघायला यायच्या, माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या, आणि रंभाबाई ऐटीत म्हणायची, "रोज चार पाट्या शेन खातोय, पन गुनी हाय."

आणि मग तालुक्याहून साहेब आले.

ते तपासायला आले होते. अनुदानाचा कागद हातात. रंभाबाईने त्यांच्यासाठी माझ्यावर चहा ठेवला, स्वतःलाही कप भरला. अंगणात साहेबांनी विचारलं, "शौचालय जोडलंय ना?"

नुसतं "व्हय" म्हणाले असते तरी चाललं असतं. पण हैबतरावांना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि सवय नसलेला माणूस जरा जास्तच बोलतो. "जोडलंय म्हंजे? येकदम झकास जोडलंय साहेब! दीड म्हयना समदं घर त्याच्यावरच जेवतंय!"

आत कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मागच्या दाराशी रंभाबाई ओकली.

साहेब चहा पिऊन "फक्कड झालाय" म्हणाले, फोटो काढला आणि गेले. दुसऱ्याच दिवशी रंगारी आला. माझ्या शेजारच्या भिंतीवर त्याने पिवळ्या अक्षरांत हैबतरावांचं नाव लिहिलं, आणि खाली लिहिलं, 'शौचालय जोडणी : होय'.

त्या संध्याकाळी हैबतराव तिला समजवायला गेले. "अगं, न्हाई जोडल्याला. सायबाला खोटं सांगितलं मी. आत वीट घातलीया."

"सायबाला खोटं सांगितलं, का मला सांगताय?"

"तुला कशाला खोटं सांगू?"

"त्येला कशाला सांगितलं?"

साधना मधे पडली, "आत्याबाई, आग ती आगच. कशाची का असंना."

"तू खा. मी तुला न्हाई म्हनत न्हाई." आणि नवऱ्याकडे वळून, "येवढं खरं हाय तर खनून दाखवा."

खणलं असतं, मित्रांनो! दीड हात माती, दोन तासांचं काम! मी जीव तोडून बुडबुडे सोडत होतो. मला तेवढंच येतं. पण चरावर नुकतीच शहाबादी फरशी बसवली होती. आणि हैबतराव म्हणाले, "सायेब परत येनार हाय म्हनला. तुटका पाइप दिसला तर? भितीवर व्हय लिवलंय. जरा दिवस जाऊंदे, मंग खनतो."

"मंग ऱ्हाऊंद्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या अगदी शेजारी, मागच्या खोपीत, तिने तीन दगड मांडले.

तेव्हापासून सात वर्षं. घरातले सगळे माझ्यावरचं जेवायचे आणि ती एकटी खोपीत धुरात बसून स्वतःपुरत्या दोन भाकऱ्या थापायची. ओलं लाकूड असलं की फुंकणी, फुंकणीनंतर खोकला, खोकल्यानंतर एक लांब शिट्टीसारखा श्वास. सगळं मी ऐकायचो. माझ्या पोटात गॅस भरलेला असायचा, काठोकाठ, तिच्यासाठीच तर भरलेला, आणि ती हातभर अंतरावर धुरात. सांगा, मी काय करू शकत होतो?

आणि गंमत बघा, मला रोज सकाळी जेवायला घालायची ती रंभाबाईच. साधनाला पुढे बाळ झालं, तिला जमायचं नाही. ही खाली बसून हाताने शेण कालवायची, त्यातली काडी न् काडी वेचून काढायची, आणि ओतताना म्हणायची, "खा बाबा. तुझा काय दोस? मालकच तसला भेटला तुला." माझ्यावरचा पाला झाडायची. फक्त माझं खायची नाही.

साहेब काही परत आले नाहीत. दोन वर्षांनी हैबतराव कुदळ घेऊन आले खरे. तोपर्यंत दोघांतलं बोलणंही तुटक झालं होतं. ती खोपीतून म्हणाली, "आता कशापायी? मधल्या दोन वर्सांत गुपचूप वीट घातली नसंल कशावरून? ऱ्हाऊंद्या." त्यांनी कुदळ भिंतीला टेकवली. तिथेच, पिवळ्या 'होय'च्या खाली. मी मनात म्हणत होतो, मालक, तिचं नका ऐकू, मारा एक घाव! नाही मारला.

एकदा डॉक्टर घरी आले तेव्हा मी कान देऊन ऐकलं. "मावशी, गोबरगॅस आहे घरात, आणि तुम्ही चुलीवर?" ती हसली. "आमचा गॅस शोबेचा हाय, डाक्टर. भितीवर लिवलाय."

मग कंपन्या आल्या. भाताची जमीन गेली. वैरण नाही तर जनावरं कुठून ठेवणार? आधी म्हशी गेल्या, मग बैल. शेवटी चांदी उरली. एका गाईच्या शेणावर माझी ज्योत करंगळीएवढी झाली, चहासुद्धा उकळेना. साधना वैतागून शेगडीवर उलथनं आपटायची, "मेल्या, पेट की!" मला फार लागायचं ते. उपाशीपोटी कुणी काय देणार? पुढे चांदीपण विकली. दोन हजार पाच साली घरात सिलिंडर आला, आणि मी कुणाच्या आठवणीतही राहिलो नाही.

सिलिंडरवरचं मात्र रंभाबाई खायला लागली. खोपीतले तीन दगड थंड झाले. पण छातीला ते कळायला उशीर झाला होता. दहा पावलं चालली की ती भिंत धरायची.

दोन हजार सात साली ह्या खोल्या बांधायला घेतल्या. मला राडारोडा टाकून बुजवायचं ठरलं. कामगारांनी फरशी उचलली, मुकादमाने चर उकरला आणि पाइप ओढून काढला. रंभाबाई ह्याच दारात, ह्याच पाटावर बसली होती. श्वासाचा पंप हातात. हैबतराव जरा बाजूला, पाठमोरे उभे.

मुकादम हसत म्हणाला, "आजी, ह्यो बघा! पाइप नवा कोरा. थेंब न्हाई गेला ह्यातून. तोंडाला बूच मारल्यालं हाय!"

"हिकडं आन," ती म्हणाली.

त्याने तो तुकडा तिच्या पायाशी ठेवला. आत कोळ्याचं जाळं आणि वाळकी माती. तोंडाशी वीट, विटेवर सिमेंट, सिमेंटवर पंजा. रंभाबाईने वाकून त्यावर आपला हात ठेवला. एकेक बोट ठशात बसवत गेली. पहिल्या बोटाशी आली आणि थांबली. तिथे ठसा अर्धाच होता.

तिचा श्वास तेवढा वाजत होता.

"खरंच सांगत हुता की वो तुमी," ती म्हणाली.

हैबतराव वळले. पंचाहत्तरीचा माणूस, पण तोंड शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखं. "सांगत हुतो," ते म्हणाले. मग अगदी हळू, "पन खनलं न्हाई."

"मीच नको म्हनलं दुसऱ्यांदा."

"तू म्हनलीस. मी ऐकाया नको हुतं."

तिने पदराने पाइपावरची माती पुसली. मग एकदम आत हाक मारली, "साधने! काडेपेटी आन. ती जुनी शेगडी पेटव. येकदा बघू दे मला ती गोकर्न."

"आत्याबाई, आता कुटला गॅस? दोन वर्सं झाली, शेन न्हाई…"

"पेटव म्हनते ना."

साधनाने माळ्यावरची शेगडी काढली, नळी जोडली, चावी फिरवली. रंभाबाईने भिंत धरत स्वतः आत जाऊन काडी ओढली. मित्रांनो, मी पोटाचा तळ खरवडला. एक फुंकर, एक बुडबुडा, काहीतरी! तिने सात वर्षं मला हाताने भरवलं होतं, आणि तिने माझ्याकडे मागितलं ते एवढंच. काडी जळत जळत तिच्या बोटापर्यंत आली. तिने विझवली. दुसरी ओढली. तीही बोटापर्यंत आली.

"जाऊंदे," ती म्हणाली. माझ्यावर नाही रागावली. जाता जाता मला ऐकू येईल अशी म्हणाली, "त्येला तरी कुटनं यावं?"

मग मुकादमाने दगडविटा ओतल्या. भिंत पाडली तेव्हा त्या पिवळ्या अक्षरांचा एक तुकडाही माझ्याच पोटात येऊन पडला. अजून आहे, त्यावर 'होय' एवढंच राहिलंय.

तर मित्रांनो, झालं हे असं. सरकारने पैसे दिले ते बरं काम व्हावं म्हणून, आणि काम बरं झालंही होतं. पाचशेसाठी बोललेलं एक वाक्य त्याच्यावर येऊन बसलं. तुमच्या घरी कुणी कधी म्हणालं ना, 'खणून दाखव', तर त्याच दिवशी कुदळ आणा. फरशी परत बसवता येते.

आणि आता खेळा, जा. फक्त दोन गोष्टी माझ्यासाठी कराल? रोज संध्याकाळी तुम्ही सगळे मिळून तो पाला आणि प्लास्टिकच्या पिशव्या कोपऱ्यात पेटवता, ते नका पेटवू. तो धूर आधी तिच्या दारात जातो. मी इथून सगळं ऐकतो, पण उठून पाणी टाकू शकत नाही. आणि जुईली, तिचा खोकला आला ना, तर तसाच काढून दाखवू नकोस गं. पाण्याचा तांब्या घेऊन जा. ती तुला विचारेल, "कुनाची गं तू?" सांग, खालच्याने पाठवलंय.