सात फेऱ्या आणि भरलेली बॅटरी

गिरणीमागच्या उतारावर रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं, मधे चुन्याने आखलेल्या सात रेघा आणि तळाशी खुर्चीवर चक्रस्वामी. अंगात पांढरा झगा, हातात पितळी घंटा, डोळे अर्धवट मिटलेले. पूर्ण मिटले असते तर रेघा दिसल्या नसत्या.

वरून एक निळी इलेक्ट्रिक गाडी निघाली. पहिल्या रेघेवर घंटा वाजली, ब्रेक लागला आणि चाकांतून असा चिरका आवाज निघाला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

"ऐका!" स्वामी म्हणाले. "लोखंड कधी रडतं का? आत कुणीतरी अडकलंय. त्याला वाट द्या!"

दुसरी रेघ, तिसरी रेघ. गाडी खाली आली, वळून वर गेली, पुन्हा उतरली. चौथ्या फेरीला आवाज बारीक झाला. सातव्या फेरीला गाडी सातही रेघांवर थांबली आणि चाकांनी हूं की चूं केलं नाही. गर्दीने एकदम श्वास सोडला. एक म्हातारे गृहस्थ चक्क रडू लागले. त्यांची गाडी पेट्रोलवर चालत होती, पण प्रसंगच तसा होता.

गाडीतून उतरली ती औषधांच्या दुकानातली वहिनी. तिचा नवरा वर्षापूर्वी गेला. गाडी त्याचीच. गर्दीच्या मागे तिची नणंद उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि सगळं गाव तिला बाई म्हणायचं. अडकलेला जीव, स्वामींच्या म्हणण्याप्रमाणे, तिच्या सख्ख्या भावाचा होता. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

अकराव्या दिवशी गाडी पुन्हा किंचाळू लागली. ही तिसरी खेप होती. स्वामींनी निरोप धाडला: जीव हट्टी आहे. येत्या रविवारी शेवटच्या सात फेऱ्या, त्यानंतर गाडी आश्रमातच ठेवावी लागेल. कायमची.

"देऊन टाकणार आहेस?" बाईंनी विचारलं.

"त्यांना शांती मिळत असेल तर गाडीचं काय घेऊन बसलात, वन्सं?" वहिनी म्हणाली. मग आवाज खाली आणून, "काल दुकानासमोर गाडी वेळेवर थांबलीच नाही. भिंतीला टेकली. त्यांनीच ढकलल्यासारखं वाटलं मला."

बाई तिच्याजवळ सरकल्या. "दादा तुला भिंतीवर ढकलेल?"

बाईंनी तिच्याकडून स्वामींच्या नियमांचा कागद मागून घेतला. तीन दिवस आंबट खाऊ नये. पांढरे कपडे घालावेत. कुणाशी भांडू नये. आणि शेवटी, जाड अक्षरात: पात्र काठोकाठ भरून आणावे.

"पात्र म्हणजे?"

"बॅटरी. शंभर टक्के. त्याबाबतीत स्वामी फार कडक आहेत. गेल्या खेपेला मी आंबट वरण खाल्लं होतं, तर चालवून घेतलं. पण बॅटरी आधी स्वतः डोकावून पाहिली."

बाईंनी कागदावर एकाच ओळीभोवती पेन्सिलीने गोल केला आणि तडक गॅरेज गाठलं.

मिस्त्री कमी बोलणारा माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसले. "बाई, ही गाडी पाय उचलला की मोटरच्या जोरावर थांबते. त्यातून वीज परत बॅटरीत जाते. खरा ब्रेक अगदी शेवटी, जरासाच लागतो, म्हणून चाकातल्या लोखंडी डिस्कवर गंज चढतो. गंजावर ब्रेकचा पॅड घासला की ओरडणारच."

"आणि बॅटरी भरलेली असेल तर?"

"मग वीज ठेवायला जागा नाही. मोटर थांबवत नाही, सगळा भार ब्रेकवर. उतारावर एकोणपन्नास वेळा दाबला तर गंज घासून निघणारच. आठदहा दिवस गप्प." त्याने फडकं बाजूला ठेवलं. "पण ती भिंतीला टेकली म्हणालात ना? ते वेगळं आहे. चाक उघडून बघायला हवं. तोवर जपून चालवा."

"स्वामींना हे ठाऊक असेल?"

"त्यांची गाडी माझ्याकडेच येते," मिस्त्री म्हणाला. "दर सहा महिन्यांनी ब्रेक साफ करून नेतात. आत्म्याचं काही बोलत नाहीत."

त्या संध्याकाळी बाईंनी वहिनीला एकच गोष्ट मागितली. "सगळे नियम पाळ. आंबट खाऊ नकोस, माझ्याशी भांडू नकोस. फक्त बॅटरी अर्धी ठेव. खरंच दादा आत असेल, तर त्याला चार्जिंगशी काय करायचंय?"

वहिनीने पेन्सिलीचा गोल केलेली ओळ पुन्हा वाचली. रोज शेकडो गोळ्या तारीख बघून देणारी बाई ती. "एकदाच," ती म्हणाली.

रविवारी गर्दी दुप्पट होती. घंटा वाजली, गाडी अगदी सावकाश उतरली. पहिली फेरी किंचाळली, चौथी किंचाळली, सातवीही तितकीच किंचाळली. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"श्रद्धा कमी पडली!" स्वामी गरजले. पण पाय मात्र गाडीकडे वळले. त्यांनी खिडकीतून आत वाकून आकडा पाहिला आणि भान सुटलं. "पात्र अर्धंच आहे! शंभर नको का?"

"का हो स्वामी?" बाईंनी मोठ्याने विचारलं. "आत्मा काय चार्जिंगवर चालतो?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी पोस्टमनला खूण केली. पोस्टाची इलेक्ट्रिक गाडीही महिनाभर ओरडत होती आणि आज ती पूर्ण चार्ज करून आणलेली होती.

"हिच्यात कोण अडकलंय, स्वामी?"

स्वामी हजरजबाबी खरे. "ज्याचं पत्र पोचलं नाही, तो!"

"बरं. त्याला मी वाट देते. घंटा तुमच्याकडेच राहू द्या." बाई रेघेवर उभ्या राहिल्या आणि वर्गात म्हणतात तशा खणखणीत आवाजात साताचा पाढा म्हणू लागल्या. सातव्या फेरीला पोस्टाची गाडी मुकाट्याने थांबली.

"बाईंच्या वाणीत शक्ती आहे!" तेच म्हातारे गृहस्थ भारावून म्हणाले.

"शक्ती भरलेल्या बॅटरीत आहे, आजोबा," बाई म्हणाल्या आणि मिस्त्रीला पुढे बोलावलं.

त्याने तिथेच जॅक लावून वहिनीच्या गाडीचं पुढचं चाक काढलं. डिस्कवर तांबूस पट्टे होते. पॅड ज्या पिनांवर सरकतो, त्यांतली एक गंजून जाम झालेली. त्यामुळे आतला पॅड सतत घासत राहून कागदाएवढा उरला होता.

"आणखी थोडे दिवस," तो म्हणाला, "तर भिंतीला नुसतं टेकण्यावर भागलं नसतं."

स्वामी मागे सरले. घंटा झग्यात घातली आणि आपल्या अतिशय शांत ब्रेकच्या गाडीत बसून निघून गेले.

मिस्त्रीने पिना साफ करून ग्रीस लावलं, डिस्क घासली, नवे पॅड बसवले. "आठवड्यातून दोनचारदा मोकळ्या रस्त्यावर ब्रेकचं पेडल जोरात दाबत जा," त्याने वहिनीला सांगितलं. "ब्रेकला काम दिलं की तो ओरडत नाही."

वहिनी उघड्या चाकाकडे बघत उभी होती. "म्हणजे वन्सं, एवढे दिवस ते रडत नव्हते?"

"नाही गं. रडत आपण होतो."

वहिनीने मान हलवली. मग बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून ती, वर्षभरात प्रथमच, गाडीच्या आवाजाशिवाय रडली.

लोक अजून पांगले नव्हते. बाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे वळल्या. "आपलं माणूस गेलं की कुठलाही आवाज त्याचाच वाटतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण कुणी त्या आवाजाचा अर्थ सांगायला आला, तर त्याला विचारा, हे कसं झालं? आणि तुमच्याशिवाय दुसऱ्याने केलं तर होतं का? उत्तर देणाऱ्याचं जरूर ऐका. चिडणाऱ्यापासून चार हात लांब राहा. आणि चाक ओरडलं, तर चाक उघडा."