आगोबाचा घास

मी खेळाचा एक जुना पट आहे, मित्रांनो. लाकडाचा नाही की पुठ्ठ्याचा नाही. शिलाईच्या मशीनखालून आलेला, कापडाचा. माझ्या चार कोपऱ्यांत चार घराणी राहतात आणि मधोमध एक ड्रॅगन झोपतो. त्याच्या तोंडापाशी हा पिवळा डाग दिसतो ना? पाहुण्यांना वाटतं, धुताना राहून गेला. तो राहून गेलेला नाही, राखलेला आहे. बसा, त्याचीच गोष्ट सांगतो.

माझा जन्म दुबईत झाला, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका फ्लॅटमध्ये. तिथं शहरबानू राहायची. मूळची रत्नागिरीची. अबायांना काठ लावणं, शेजारणींचे ब्लाउज शिवणं, असं काम ती घरातच करी. कापडाचा तुकडा फेकायला तिचा हात धजत नसे. त्यामुळे मशीनखालची टोपली कायम रंगांनी भरलेली.

एका जुलैत बाहेर ऊन इतकं होतं, की घसरगुंडीला हात लावला तर चटका बसावा. शहरबानूचा मुलगा उझैर आणि समोरच्या फ्लॅटमधली अंतरा, दोघंही अकरा वर्षांची, दिवसभर घरात कोंडलेली. एका टॅबवरून दोघांची भांडणं चाललेली. शेवटी शहरबानूनं टॅब फ्रिजवर ठेवला, टोपली जमिनीवर उपडी केली आणि म्हणाली, तुम्ही सांगा, मी शिवते.

मुलांनी किल्ले सांगितले. राजे सांगितले, घोडे सांगितले, ड्रॅगन तर सांगितलाच. शहरबानू सुईत दोरा ओवत ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "राजे खातात काय? आणि ते येतं कुठून?"

मुलं उत्तर शोधू लागली, आणि त्या शोधण्यातून माझं अख्खं जग उगवलं.

समुद्राकाठी उभं राहिलं मोतीघर, पांढऱ्या कंदुऱ्याच्या, म्हणजे अरबी पुरुषांच्या लांब झग्याच्या कापडाचं. ते उझैरचं. डोंगरात मिरेघर, अंतराच्या आईच्या, शालिनीच्या हिरव्या ब्लाउजपीसमधलं. ते अंतराचं. राखाडी अस्तराचं मीठघर उझैरच्या अब्बांना, जहूरला मिळालं. काळ्या अबायाचं आणि सोनेरी दोऱ्याचं खजूरघर शहरबानूनं स्वतःकडे ठेवलं. चारी घराण्यांना जोडणारे रस्ते जरीचे केले. ते जिथं मिळतात, त्या चौकात लाल मखमलीचा ड्रॅगन निजवला. त्याचं नाव ठेवलं आगोबा.

जहूर देऱ्यात, दुबईच्या जुन्या बाजारात, मसाल्याच्या दुकानात कामाला होता. तिथून त्यानं खरे मिरे आणले. खजुराच्या बिया धुऊन वाळवल्या. तुटलेल्या माळेचे मोती निघाले. मिठासाठी शर्टाची पांढरी बारकी बटणं घेतली, मोजून चाळीस. सगळं बिस्किटांच्या डब्यात भरलं.

आता खेळाचा नियम ऐका. दर फेरीला आगोबाला एक ताट द्यायचं. ताटात मीठ हवं, मिरं हवं, खजूर हवा आणि एक मोती हवा. मोती पचनाला लागतो, असं उझैरचं म्हणणं. कुठल्याही एका घराण्याजवळ चारही गोष्टी नसणार, म्हणजे तांडे निघालेच पाहिजेत, देवघेव झालीच पाहिजे. आगोबा तीन फेऱ्या उपाशी राहिला तर उठणार, रस्ते जाळणार आणि चारी घराणी बुडणार.

दुसरा नियम शहरबानूच्या माहेरचा. तिच्याकडे उंबऱ्यावर आलेल्या माणसाच्या तोंडात काहीतरी घातल्याशिवाय कामाचं बोलत नसत. म्हणून तांडा दाराशी आला की ओळी म्हणायच्या,

मिरेघर आलं दारी, दार उघड दादा,
आधी घास गोडाचा, मग करू सौदा.

आणि घरवाल्यानं खरोखरचा घास द्यायचा. दाणे, खजूर, वेफर, हाताशी असेल ते. त्या उन्हाळ्यात मुलं जेवायला कंटाळत नव्हती. सौद्यासौद्यांतच त्यांची पोटं भरत होती.

काय दिवस होते ते, मित्रांनो. संध्याकाळी जहूर कामावरून आला की तसाच फरशीवर मांडी घालायचा. त्याच्या हातांना वेलदोड्याचा वास असे. अंतरानं एका मोत्याला तीन मिरे मागितले की तो डोळे मोठे करून म्हणायचा, "एक मोती म्हणजे साठ दिरहम धर. म्हणजे आपले हजार रुपये. हजाराला तीन मिरे? हबीबी, एवढ्यात मी आगोबा विकत घेईन." अंतरा मागं हटत नसे. अंकल, आगोबाला विकत घेतलं तर रोज जेवायला कोण घालणार, असं इंग्रजीत विचारून त्याला गप्प करी. माझ्या जरीच्या रस्त्यांवरून बोटं धावत, गुदगुल्या होत. आगोबाचं ताट भरलं की सगळे मिळून म्हणत,

आगोबा रे आगोबा, धुराचा तुझा श्वास,
चार घरांनी मिळून दिला तुला एक घास.

आणि मग या खेळातच एक चूक घडली. एकदा जेवताना जहूर सांगत होता, की कुणा व्यापाऱ्यानं वेलदोडा दाबून ठेवला आणि भाव कसा चढला. उझैर घास हातात धरून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा तांडा फक्त मीठघराकडे जाऊ लागला. जहूरनंही चांगले मोती मिळतात म्हणून हसत हसत सगळं मीठ विकलं. चाळीस बटणं उझैरनं एका थैलीत घातली आणि तिला गाठ मारली.

एक फेरी आगोबा उपाशी राहिला. मग दुसरी.

तिसऱ्या फेरीला अंतराचा तांडा मोतीघराच्या दाराशी आला. तिनं ओळी म्हटल्या. आपला सगळा मिऱ्यांचा ढीग तिनं पुढं सरकवला. उझैरसमोर वाटीत फुटाणे होते. त्यानं वाटी आपल्याकडे ओढली आणि म्हणाला, "खलास. नो सॉल्ट. गो होम."

अंतरा उठली आणि चपला घालून गेली. खरं सांगतो, तिला मीठ नाकारल्याचं वाईट वाटलं नव्हतं. सौद्यात नाही म्हणता येतं. पण घास न देता दारातून परत पाठवलं, ते तिला लागलं. त्याच आठवड्यात घरभाडं वाढलं म्हणून तिचं कुटुंब शारजाला निघालं. खाली टेम्पो भरत होते. उझैर पडद्याआडून बघत राहिला, खाली काही उतरला नाही.

शहरबानूनं मला धुतलं, खळ घातली, इस्त्री केली. एवढी सुंदर चीज मुलांच्या हाती खराब व्हायला नको, असं तिला वाटलं. गावी त्यांचं घर बांधून होत आलं होतं. तिथं दिवाणखान्यात मला काचेच्या चौकटीत लावायचं ठरलं आणि मी बिस्किटांच्या डब्यासकट कपाटावरच्या निळ्या बॅगेत गेलो. ती गावची बॅग.

तुमच्यापैकी जे इथं आखातात वाढले त्यांना ती बॅग ठाऊक असेल. तिच्यात दोन मखमली ब्लँकेटं होती. सोनेरी काठाच्या सहा प्लेटा होत्या, टॅग न काढलेले टॉवेल होते, एक अत्तराची बाटली होती. घरात जे जे चांगलं येई ते गावी न्यायचं म्हणून तिच्यात जाई, आणि घरचे सगळे मेलामाइनच्या ताटल्यांत जेवत. दर ईदेला जहूर म्हणे, "आणखी दोन वर्षं, इन्शाल्ला. मग खलास, गावी." ती दोन वर्षं काही केल्या कमी होईनात. गावच्या घराला रंग लागला, फरशी बसली, कुलूपही लागलं.

कधी पाहुणे आले की शहरबानू मला बाहेर काढायची. सगळे म्हणायचे, काय हात आहे भाभी तुमचा! पण लांबूनच बघा, असं ती सांगायची. कौतुक भरपूर झालं माझं. बोट मात्र आठ वर्षांत कुणाचं लागलं नाही.

मग जहूरचं दुकान लहान झालं, पगारही लहान झाला आणि या उन्हाळ्यात हेही कुटुंब शारजाला आलं. फ्लॅट अंतराच्या आईनं, शालिनीनं शोधून दिला. दोघी आया इतकी वर्षं फोनवर बोलत होत्याच. बिल्डिंग तीच. शालिनीचं घर चौथ्या मजल्यावर, आमचं दुसऱ्या. उझैर आता एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा. लिफ्टमध्ये अंतरा भेटेल म्हणून तो रोज जिन्यानं चढायचा, आणि व्यायामासाठी चढतो असं सांगायचा.

सगळ्यात हाल झाले ते उझैरच्या धाकट्या बहिणीचे, इनायाचे. माझा जन्म झाला तेव्हा ती नुकती रांगत होती. आता ती नऊ वर्षांची. मैत्रिणी सगळ्या दुबईत राहिल्या, शाळा उघडायला महिना होता. दुसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये ती एकटीच स्कूटर फिरवायची. बंद दारांवरचे नंबर वाचत जायची आणि वाचत परत यायची. चौथ्या दिवशी तिनं स्कूटर भिंतीला टेकवली आणि जेवायलाही उठली नाही.

एका शुक्रवारी शहरबानू खोकी लावत होती. नव्या कपाटावर निळी बॅग बसेना, म्हणून तिनं ती उघडली. इनायानं मला पाहिलं. तिनं मला उलगडलं, आगोबावर तळहात ठेवला आणि हे कुणाचं, कसं खेळतात, असं विचारत सुटली. शहरबानू सवयीनं म्हणाली, हात नको लावूस, ते गावी न्यायचंय.

"व्हेन, अम्मी?" इनायानं विचारलं. "गावी व्हेन?"

तिनं चिडून विचारलं नव्हतं, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. शहरबानूच्या हातात अत्तराची बाटली होती. तिनं बूच काढलं. आत तळाशी फक्त तपकिरी डाग उरला होता. न लावताच अत्तर उडून गेलं होतं. तिनं बाटली खाली ठेवली. मग मला तिनं इनायाच्या मांडीवर ठेवलं आणि नियम सांगायला बसली.

डब्यात मीठ सापडेना. ते सापडलं थैलीत, गाठीखाली. इनाया ती थैली घेऊन उझैरकडे गेली. त्यानं टाळाटाळ केली, मग अडखळत सगळं सांगितलं. इनायानं कमरेवर हात ठेवले.

"भाईजान, यू डिडन्ट ईव्हन गिव्ह हर अ बिस्किट?"

उझैर म्हणाला, लहान होतो ग, ती विसरलीही असेल. त्यावर इनाया म्हणाली, मग तू जिन्यानं का येतोस? तिला खेळायला चार माणसं हवी होती आणि बिल्डिंगमधलं एकच दार तिला आता माहीत झालं होतं. तिनं त्याचा हात धरला. उझैरनं मला काखेत मारलं, थैली घेतली, आणि आम्ही तिघं चौथ्या मजल्यावर गेलो. लिफ्टनं.

बेल वाजवताना त्याचं काळीज कसं धडधडत होतं, ते माझ्याइतकं कुणाला कळणार?

दार अंतरानंच उघडलं. तिच्या मागून तिचा धाकटा भाऊ विहान डोकावत होता, साधारण इनायाएवढाच. उझैरनं घसा खाकरला. वाटेत जुळवलेल्या ओळी त्यानं खाली बघत म्हटल्या,

मोतीघर आलं दारी, दार उघड बाई,
मीठ सारं परत आणलं, घास नको काही.

अंतरा वळली आणि आत निघून गेली. आठ वर्षांचा उपास म्हणजे काय, ते मला त्या एका मिनिटात कळलं. मग ती आली. हातात बशी होती आणि बशीत एक खारी.

"आधी खा," ती म्हणाली. "मग बोलू."

उझैरनं खारी खाल्ली. तिचा सगळा चुरा माझ्या अंगावर पडला. मला पाऊस पडल्यासारखं वाटलं.

"आगोबा आठ वर्षं उपाशी आहे," अंतरा म्हणाली. "लाज वाटते का काही?"

"वाटते. म्हणून तर जिने चढतो."

ती हसली. थैलीची गाठ सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी सोडवली.

दुपारी सगळे आमच्याकडे जमले. शहरबानूनं सांदणं केली होती, तांदळाच्या रव्याची ती मऊ वाफवलेली वडी, आणि सोबत कोंबडीचा रस्सा. जास्तीच्या ताटल्या खोक्यांत कुठंतरी अडकलेल्या. शहरबानू उठली आणि निळ्या बॅगेतून सोनेरी काठाच्या प्लेटा काढून धुऊ लागली.

जहूर बघतच राहिला. "अगं, त्या गावच्या ना?"

"गावाला विचारलं मी," ती म्हणाली. "गाव म्हणालं, जेवून घ्या."

फरशीवर मला अंथरलं. खजूरघर इनायाला दिलं, मीठघर विहानला. चाळीसच्या चाळीस बटणं आपल्या घरी गेली. खेळ तिसऱ्या फेरीपासूनच पुढं न्यायचा, असं अंतरानं बजावलं. विहाननं मीठ ठेवलं, अंतरानं मिरं, इनायानं खजूर, आणि उझैरनं माळेतला सगळ्यात मोठा मोती. ताट भरलं. पण इनायाचं समाधान होईना. इतक्या वर्षांच्या भुकेला बिया आणि बटणं कशी पुरणार? तिनं सांदणाचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि थेट आगोबाच्या तोंडावर ठेवला.

पिवळा रस्सा मखमलीत उतरला. सगळे शहरबानूकडे बघू लागले. ती साबण आणायला अर्धी उठलीही होती. मग खाली बसली.

"राहू दे," ती म्हणाली. "जेवल्याची खूण आहे ती."

तोच हा डाग, मित्रांनो.

आता दर शुक्रवारी दुसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये मला पसरतात. ज्या दारांचे नंबर इनाया एकटीनं वाचायची, त्या दारांतून मुलं येतात. कुणी केरळची, कुणी इजिप्तची. ओळी मात्र सगळ्यांना पाठ, उच्चार कसेही असोत. यल्ला, चला, म्हणून तांडे निघतात. इनाया आणि विहान मिऱ्यांवरून इतके भांडतात, की त्यांच्या दोस्तीची मला काळजी उरलेली नाही. माझी जरी दोन ठिकाणी उसवली आहे. मीठघराला शहरबानूनं ठिगळ लावलं आहे. माझा रंग उतरतोय आणि मी इतका सुखात कधीच नव्हतो.

तुमच्याही घरी कपाटावर एखादी बॅग असेल. तिच्यात काहीतरी सुंदर घडी घालून, कुठल्याशा चांगल्या दिवसासाठी ठेवलेलं असेल. त्याच्या वतीनं मी तुम्हाला विनवतो, त्याला खाली काढा. आम्हाला जपायचंच असेल तर वापरून जपा. फाटलो तर टाका घाला, मळलो तर धुवा, पण घडीत ठेवू नका. अत्तर वाट बघत नाही, मुलंही बघत नाहीत.

आणि खेळायला येणार असाल तर ओळी पाठ करून या. हात धुतले नसले तरी चालेल. दाराशी थांबा, बेल वाजवा. आधी घास मिळेल. सौद्याला काय, अख्खी दुपार पडली आहे.